शंभरात किती

आमच्या बोरकवठ्यात माझ्या बोलण्याला दहानं भागायची रीत आहे. मांजरा नदीत मी तीस फुटी मगर पाहिली होती. गावानं ती तीन फुटांची केली आणि घोरपड म्हणून सोडून दिली. आमच्या आजानं निजामाच्या राज्यात एका पंगतीत दोनशे पुरणपोळ्या खाल्ल्या, तर गाव म्हणालं वीस, आणि वीसही जास्त वाटल्या म्हणून आणखी एकदा भागलं. मला त्याचा राग नाही. मी धोंडप्पा, तीस वर्षं निलंग्याच्या कोर्टात बेलिफ होतो. समन्स घेऊन ज्याच्या दारात उभं राहायचं त्याला आधी एखादी गोष्ट सांगितली की तो दगड उचलत नाही. सवय लागली ती लागली.

पण ही हकीकत सांगताना मी आकडे साक्षीच्या पिंजऱ्यात सांगावेत तसे सांगणार आहे. भागू नका. भागायची वेळ येईल तेव्हा मीच सांगेन.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. उस्मानाबादेहून कपाटं ट्रकनं येत होती आणि त्यांच्या किल्ल्या आठ दिवसांनी एसटीनं. त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. फाल्गुनातच विहिरी खरवडून झाल्या. वरच्या गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि गावविहिरीत पाणी ओतून जायचा. विहीर चिरा पडलेली, अर्ध्या तासात निम्मं पाणी जमिनीत. उरलेल्यावर आधी गाव तुटून पडायचं, मग वस्तीचे हंडे. बौद्धवस्तीत बावीस घरं. त्यांचा नंबर येईपर्यंत तळाला गाळ.

म्हणून वस्तीतल्या बाया आपल्या जुन्या विहिरीत उतरायच्या. पस्तीस फूट खोल. पायठाणाचे, म्हणजे उतरायच्या पायऱ्यांचे, दगड निम्मे निखळलेले. कमरेला दोर बांधून खाली जायचं, कपारीतून पाझरणारं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं. एका हंड्याला पाऊण तास. वस्तीत सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत धीराची बाई नागुबाई, म्हणून तीच जास्त वेळा उतरायची. वय साठ. दोराचं दुसरं टोक तिच्या लेकीच्या, पंचशीलाच्या हातात. पंचशीला मॅट्रिक झालेली, बालवाडीची बाई.

मी एक दिवस काठावर बसलो होतो. खालून दगड सुटल्याचा आवाज आला. पंचशीलाचा चेहरा पांढरा.

"माय! माय गं!"

बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज, "वरडू नको. वाटी पडली. वाटीलाच लागलं, मला न्हाई."

पंचशीलानं दोर हातावर आणखी एक वेढा गुंडाळला. दोराचे वळ तिच्या मनगटावर कायमचे उमटले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आप्पा, एक दिवस 'मला न्हाई लागलं' म्हणायला खालून आवाजच येणार न्हाई."

आता पेच काय होता तो सांगतो. पाणी शोधणाऱ्या सरकारी ऑफिसातून एक तरुण साहेब येऊन गेला होता. ज्ञानोबा सूर्यवंशी नाव. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वायरी जोडायच्या, पेटीतला काटा बघायचा, अशी त्याची रीत. त्यानं दोन जागा तपासल्या. ओढ्याकाठच्या जागेला लिहिलं 'आहे'. वस्तीमागच्या लिंबाजवळच्या जागेला लिहिलं 'नाही'. बोअरची गाडी आली, ओढ्याकाठी दोनशे फूट खाली गेली आणि नुसता पांढरा भुगा वर आला. 'आहे' म्हटलं तिथं नव्हतं.

गाडी तिथून नांदेडकडं, देगलूरला गेली. गुरुवारी परत याच रस्त्यानं जाणार होती. गावापुढं दोन कागद. पहिला, 'गावात पाण्याची सोय होऊ शकत नाही' असा दाखला. तो घेतला की टँकर रोज. दुसरा, वस्तीच्या जागेच्या फेरतपासणीचा अर्ज. तो दिला की दाखला थांबला, आणि जागा पुन्हा नापास झाली किंवा कोरडी निघाली तर दाखल्याच्या यादीत गाव शेवटी. शेवटी म्हणजे ज्येष्ठ उजाडणार. दोन्ही कागद एकदम देता येत नव्हते. मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत.

सरपंच व्यंकटराव माणूस वाईट नाही, पण सही करताना पेनाचं टोपण चारदा लावतो आणि काढतो.

"हे बघ पंचशीला," तो म्हणाला, "रोजचा टँकर हातातला हाय. तुझ्या अर्जापायी तो गेला तर गाव मला सोलून काढंल. मला एकच सांग. सरकारनं एकदा न्हाई म्हणल्यावर शंभरात किती टायमाला ते फिरतंय? निम्म्याच्या वर असंल तर करतो सही. न्हाईतर टँकर."

"कोण सांगंल ते?"

"इचारून ये की. लातुरात आता जिल्हा हाय. सगळे साहेब तिथंच."

"मी जातो संगं," मी म्हणालो.

"जा," व्यंकटराव म्हणाला, "पण आकडा तिनं सांगायचा. तू साठ आणलेस तर मला सहाच ऐकू येतील."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघालो. औशाला गाडी अर्धा तास थांबली तेव्हा पंचशीलानं मला तीनदा किती वाजले ते विचारलं. घरी दोर धरायला तिनं शेजारच्या सरजाबाईला सांगितलं होतं. सरजाबाईला डोळ्यानं कमी दिसतं.

"दिसायचं काय काम हाय," मी म्हणालो, "दोर धरायचा हाय."

"आप्पा, गप बसा."

आधी माझ्या ओळखीच्या वकिलाकडं. पंचशीलानं सरळ विचारलं, "साहेब, एकदा झालेला निकाल शंभरात किती टायमाला फिरतो?"

वकिलानं खुर्ची मागं रेलली. "अपिलात? शंभरात साठ. माझ्याकडची प्रकरणं धरली तर जास्तच."

पंचशीलाचा चेहरा असा उजळला की मला वकिलाच्या पाया पडावंसं वाटलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चला आप्पा. साठ. निम्म्याच्या वर. परत जाऊ."

तीस वर्षं कोर्टात काढली नसती तर मी गेलोही असतो. पण वकिलाचा आकडा मी नुसता ऐकून घेत नाही. मी तिला कोर्टाच्या रेकॉर्डरूमला नेलं. तिथं मलप्पा होता, माझ्याच वेळचा कारकून, धुळीनं डोळे बारीक झालेला. त्यालाही तोच प्रश्न.

"तीन," मलप्पा म्हणाला.

"तीन? वकील साठ म्हणले!"

"साठ बी खरं, तीन बी खरं." त्यानं पान चघळत बोटं पुढं केली. "शंभर निकाल लागतेत. त्यातले पंचाण्णव लोक घरी जातेत, कपाळाला हात लावून. पाच जण वर जातेत. त्या पाचातले तीन फिरतेत. वकील पाचातले तीन मोजतो, मी शंभरातले तीन. तीन तेच. त्याच्या दारात पंचाण्णव येतच न्हाईत, तर तो मोजंल कशाला?"

"मग जे पंचाण्णव गेले न्हाईत," पंचशीला म्हणाली, "ते गेले असते तर?"

मलप्पानं पान चघळायचं थांबवलं. "पोरी, त्याचं रजिस्टर न्हाई."

उन्हं डोक्यावर आली. माझा गुडघा सुजला होता म्हणून एका डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात शिरलो. बाई हुशार, नांदेडच्या, तोंडानं फटकळ. त्या गुडघा दाबत असताना पंचशीलानं त्यांनाही विचारलं, की बाई, तुम्ही एक रोग सांगितला आणि निघाला दुसरा, असं शंभरात किती होतं?

"चार-पाच," बाई म्हणाल्या. "चुकलं की पेशंट परत येतो ना ओरडत. तेवढे मोजते."

"आणि परत न येणारे?"

"बरे झाले असं धरतो."

"हाव," मी म्हणालो, "आणि मेलेले?"

बाईंनी माझा गुडघा जरा जोरात दाबला. पट्टी बांधताना हळूच म्हणाल्या, "काही दुसऱ्या डॉक्टरकडंही जात असतील. मला कळत नाही. खरंच कळत नाही."

बाहेर रस्त्यावर पंचशीला एका पायरीवर बसली. साठ, तीन, पाच. तिनं ते बोटानं मातीत लिहिले आणि पुसले. "आप्पा, प्रत्येकाचं शंभर येगळं हाय. सरपंच कोणतं शंभर म्हणले होते?"

माझ्या डोळ्यांसमोर सरजाबाई होती, दोर घेऊन.

पाण्याचं ऑफिस एका भाड्याच्या घरात. पाटी अजून भिंतीला टेकवून ठेवलेली. ज्ञानोबा साहेब टेबल नसल्यामुळं कपाटाच्या आडव्या पाडलेल्या खोक्यावर लिहीत होता. वय असेल अठ्ठावीस. आम्ही बोरकवठ्याचे म्हणताच त्याचं तोंड उतरलं. ओढ्याकाठचा पांढरा भुगा त्यालाही आठवला असणार.

"साहेब," पंचशीला म्हणाली, "भांडायला आले न्हाई. एकच इचारते. तुमचं 'आहे' शंभरात किती टायमाला उलटतं?"

त्यानं रजिस्टर काढलं. लपवलं नाही, हे त्याचं चांगलं. "मी 'आहे' लिहिलेल्या शंभर जागा खोदल्या गेल्या. अडतीस कोरड्या."

"आणि तुमचं 'नाही'?"

"तीन वर्षांत दोनशे बारा जागांना 'नाही' लिहिलं."

"त्यातलं किती उलटलं?"

"एकही नाही."

एकही नाही. संपलं. मी उठायला हात टेकला. पण पंचशीला उठली नाही. मलप्पाचं रजिस्टर तिच्या डोक्यात असणार.

"त्या दोनशे बारातल्या खोदल्या किती?"

साहेबानं पानं उलटली. परत उलटली. त्याला उत्तर माहीत होतं; तो नुसता वेळ काढत होता.

"एकही नाही," तो म्हणाला. "मी नाही म्हटल्यावर कोण खोदणार? बाई, मी रात्री झोपताना ह्या अडतीस मोजतो. त्या दोनशे बारा मला मोजता येत नाहीत. तिथं पाणी असेल तर ते माझ्या नावानं खालीच बसून आहे."

खोक्यावर कागद उडू नयेत म्हणून त्यानं काळ्या खडकाचा तुकडा ठेवला होता. तो उचलून म्हणाला, "हा तुमच्याच विहिरीजवळचा. ह्याचा भाऊ मी हैदराबादेत तपासायला दिला होता. हा खडक तापून थंड झाला तेव्हा होकायंत्राचा काटा उत्तरेकडं नाही, दक्षिणेकडं वळत होता. खडकात अजून ते कोरलेलं आहे."

आता बघा, मी मगर तीस फुटी सांगितली तर गाव हसतं. आणि हा सरकारी माणूस सांगतो की उत्तर दिशा उलटी होती, आणि त्याला पगार मिळतो.

"असं किती टायमाला झालं?" पंचशीला म्हणाली.

"कित्येकदा. सरासरी काढली तर दोन-तीन लाख वर्षांनी एकदा. पण शेवटचं होऊन सातेक लाख वर्षं झाली. आणि मागं कधीतरी साडेतीन कोटी वर्षं काटा हललाच नव्हता."

"म्हंजे सरासरी काढली तरी पुढचं कधी, ते कळत न्हाई."

"नाही कळत."

परतीच्या गाडीत निलंग्यापासून पुढं टपावर बसायची वेळ आली होती, मी कशीबशी तिला आत जागा मिळवून दिली. वस्तीजवळ उतरलो आणि ती पळत सुटली. नागुबाई उंबऱ्यात बसून पायाला हळद लावत होती. नडगीवर हातभर खरचटलेलं.

"सरजानं दोर सोडला न्हाई," नागुबाई म्हणाली, "मीच घसरले. आकडा गावला का?"

शनिवार-रविवार पंचशीलानं विहिरीवर काढले. मी तिला दोनदा म्हणालो, की सरपंचाला साठ सांग. वकिलानं सांगितलंच आहे, खोटं कुठं आहे त्यात? ती म्हणाली, "आप्पा, जागा कोरडी निघाली तर वरच्या गावात टँकर येणार न्हाई. तिथं बी लेकरं हायेत. साठ म्हणून मी त्यांचं पाणी पणाला कसं लावू?"

"तीन सांगितलंस तर तुझी माय विहिरीत."

"माहीत हाय मला," ती ओरडली. मग दोर ताणून धरत हळू म्हणाली, "माहीत हाय."

सोमवारी सकाळी दहाला पंचायतीत गेलो. व्यंकटरावापुढं दोन्ही कागद, पेनाचं टोपण निघालेलं.

"किती?"

"माहीत न्हाई," पंचशीला म्हणाली.

"तीन दिस घातले आणि माहीत न्हाई?"

"वकील साठ म्हणले, ते फक्त त्यांच्याकडं आलेल्यांचं. रेकॉर्डरूममधले तीन म्हणले, ते न लढलेले धरून. डॉक्टरीणबाई पाच म्हणल्या, ते परत आलेल्यांचं. आणि आपलं ज्याच्याशी काम हाय त्या साहेबांनी न्हाई म्हणलेल्या जागेत आजपातूर कुणी खोदलंच न्हाई. तिथं आकडाच न्हाई, सरपंच. शून्य न्हाई, आकडाच न्हाई."

व्यंकटरावानं टोपण लावलं. "मग टँकर."

"थांबा. एक आकडा हाय. त्याच साहेबांचं 'आहे' शंभरात अडतीसदा उलटलंय. त्यातलं एक आपल्या ओढ्याकाठी, तुमच्या डोळ्यांपुढं. तोच माणूस, तीच पेटी. तिचं 'आहे' इतकं चुकतंय, तर 'नाही' कधीच चुकत नसंल का? तुम्हीच सांगा."

व्यंकटरावानं टोपण काढलं.

"आणि कोरडं निघालं तर?"

"तर ग्रामसभेत मी उभी राहते. माझ्यामुळं टँकर गेला म्हणून सांगते. तसं लिहून घ्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "आप्पा, ही खरं बोलतीया का?"

"भागायची गरज न्हाई," मी म्हणालो.

त्यानं खरंच लिहून घेतलं. तिची सही, साक्षीदार म्हणून माझी. मग स्वतःची. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी सायकलवरून अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीकडं निघालो. बारा वाजता पोचलो. सुजलेल्या गुडघ्यानं नऊ मैल वीस मिनिटांत; इथं हवं तर भागा.

गुरुवारी ज्ञानोबा साहेब आला. मागं बोअरची गाडी. लिंबाजवळ त्यानं चार खुंट्या ठोकल्या, वायरी जोडल्या. निम्मं वरचं गाव बघायला आलेलं. त्यानं काटा बघितला, खुंट्या लांब सरकवल्या, परत बघितला. कपाळावरचा घाम पुसला.

"तेच आहे," तो पंचशीलाला हळूच म्हणाला. "काटा तेच सांगतोय. नाही."

तिनं मान खाली घातली. मग विचारलं, "साहेब, ही जागा बी त्या न खोदलेल्या दोनशे बारातच का?"

साहेबाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. शेवटी त्यानं लिहिलं, 'काट्याप्रमाणे नाही. तरी पडताळ्यासाठी खोदावे.' खाली सही केली, ती वाकडी आली.

गाडी सुरू झाली. कानाचे दडे बसले. पन्नास फूट, पांढरा भुगा. शंभर, भुगा. वरच्या गावातले लोक पंचशीलाकडं बघू लागले. दीडशेला कुणीतरी म्हणालं, "गेला टँकर." एकशेसत्तरला व्यंकटराव उठून लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. साहेब खाली बसून भुगा चिमटीत घेऊन चुरत होता. नागुबाई पालथ्या हंड्यावर बसली होती. तिच्या मांडीवर तो दोर. दोनशेच्या पुढं गाडी जाणार नव्हती.

एकशेसत्त्याऐंशीला साहेबाच्या चिमटीतला भुगा चुरला नाही. त्याची गोळी झाली. त्यानं ती नागुबाईच्या हातात दिली. म्हातारीनं ती नाकाला लावली आणि लेकीच्या हातात दिली.

पाणी लागलं ते तासाला तीन हजार लिटर. आता भागा. तीनशे. तीनशे खरं.

साहेबानं रजिस्टरमध्ये नवी ओळ घातली : 'नाही' म्हटलेल्या जागा खोदल्या एक, उलटल्या एक. लातूरच्या वकिलाला हे कुठून कळलं देव जाणे, पण आठ दिवसांत चार गावं फेरतपासणीचा अर्ज घेऊन आमच्या पंचायतीच्या दारात उभी. शंभरात शंभर फिरतंय म्हणे! पंचशीला प्रत्येक गावच्या माणसाला पंचायतीच्या ओट्यावर बसवून सांगायची, की बाबांनो, ते शंभर म्हणजे एकच. दोन गावांनी ऐकलं, दोन गावांनी खोदलं. दोन्ही कोरडी. साहेबाच्या रजिस्टरात आता तीनात एक. त्या दोन गावांची नावं पंचशीलानं बालवाडीच्या वहीत मागल्या पानावर लिहून ठेवली आहेत. का, ते मी विचारलं नाही.

नागुबाई त्या दिवसापासून विहिरीत उतरली नाही. दोर मात्र तिनं दाराआड खुंटीला ठेवला आहे.

कारण बोअरवर बसवलेल्या हातपंपाचं पाणी लगेच येत नाही. दांडा मारत राहावं लागतं, आणि खाली पाणी जितकं उतरतं तितके दांडे वाढतात. पहिल्या आठवड्यात नऊ दांड्यांवर पाणी यायचं. पंचशीला रोज सकाळी पहिला हंडा लावायची आणि मनातल्या मनात मोजायची. पावसाला अजून महिना होता. मी लिंबाखाली बसलेला असायचो.

"आज किती गं?"

"चौदा," ती म्हणाली, आणि दोर टांगलेल्या दाराकडं बघितलं.

वरच्या गावाची माणसं पण आता इथंच भरायची, आणि कुणी सांगूनही हंडे कमी करत नव्हती. मी काठी टेकत पंचायतीसमोर गेलो. तिथं व्यंकटराव आणि दहा-पंधरा जण बसले होते.

"लोकहो," मी म्हणालो, "आज पंपाला पाणी यायला एकशेचाळीस दांडे लागले."

ते हसले. मग मी बघितलं, व्यंकटरावाची बोटं मांडीवर हलली. त्यानं भागलं. हसायचं थांबला.

"चौदा," तो म्हणाला. "काल तेरा होते न्हवं? आजपासून घरटी दोनच हंडे."